तट कुठं वळतो

पालकांनी वर्गात बसून तास पाहण्याचा दिवस होता. पाण्याचे पाइप टाकणारा कामगार शेवटच्या बाकावर अंग चोरून बसला होता. रजा अर्ध्याच दिवसाची मिळाली होती, त्यामुळे बुटांना सकाळच्या खड्ड्यातली माती तशीच होती. दुसऱ्या रांगेतल्या त्याच्या मुलीनं एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा पुढं तोंड केलं.

पुढच्या भिंतीवर शहर उतरलं होतं. इतिहासाच्या बाईंनी ऑनलाइन नकाशा उघडून वरून घेतलेलं छायाचित्र प्रोजेक्टरवर लावलं होतं: छपरं, रस्ते, शाळेमागचं मैदानसुद्धा. मग त्यावर त्यांनी तीनशे वर्षांपूर्वी हातानं काढलेला नकाशा अलगद बसवला. जुन्या तटाची रेघ आजच्या घरांवरून धावू लागली. तट तर कधीच पाडला गेला, जमिनीवर एक दगड उरलेला नाही. मग ही रेघ खरी कशावरून, असं बाईंनी विचारलं.

मुलगी उभी राहिली. "माझ्या बाबांना माहीत असेल, बाई. ते तिथंच खोदतात."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. कामगाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पोरीनं नाव घेतलं होतं, उठणं भाग होतं. त्यानं सांगितलं की सात ठिकाणी खोदताना चुन्यात बसवलेला घडीव दगड लागला होता. पहार नुसती टेकली तरी आवाजावरून कळायचं. दर वेळी पाइपला वळसा द्यावा लागला होता. बाईंनी त्याला पुढं बोलावलं. माऊस हातात घ्यायला तो कचरला, तेव्हा नुसतं बोटानं दाखवा म्हणाल्या. तो दाखवत गेला, त्या खुणा करत गेल्या. सहा खुणा जुन्या रेघेवर बिनचूक पडल्या. सातवी खूण मात्र रेघेच्या बरीच बाहेर, मैदानात.

पालकांमधले एक इंजिनिअर समजुतीच्या सुरात म्हणाले, की नकाशातला तट मोजून काढलेला असणार. एवढे खड्डे खणल्यावर माणसाच्या आठवणीत थोडं इकडंतिकडं व्हायचंच. बोलणं गोड होतं, तरी वर्गात खसखस पिकली. मुलीचे कान लाल झाले.

'असेल तसं' म्हणून जागेवर जाऊन बसणं सोपं होतं. पण त्या खड्ड्यात तो तीन दिवस उभा होता.

"नकाशातलं मला फारसं कळत नाही," तो म्हणाला. "पण दगड तिथंच आहे, साहेब. आणि तो सरळ जात नाही. गोल वळतो."

बाई पुन्हा माऊसकडे वळल्या. ऑनलाइन नकाशात मैदानाची आधीच्या वर्षांची छायाचित्रंही होती. ती त्या एकेक वर्ष मागं जात उघडू लागल्या. हिरवं मैदान, पुन्हा हिरवं, चिखलाचं, हिरवं. मग पाऊस कमी झालेलं एक वर्ष आलं. सगळ्या मैदानात थोडा तरी हिरवेपणा टिकून होता, आणि कडेला कर्कटकानं काढल्यासारखा पिवळ्या गवताचा अर्धगोल उमटला होता. खाली दगड असला की मुळांना ओल पुरत नाही, तिथलं गवत आधी वाळतं, बाईंनी सांगितलं. सातवी खूण नेमकी त्या पिवळ्या पट्ट्यावर होती.

"बुरूज," मागून कुणीतरी पुटपुटलं.

इंजिनिअर उठून भिंतीपाशी आले, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहत राहिले. मग कामगाराकडे वळून म्हणाले, "चूक माझी. तुमचं बरोबर आहे."

बाईंनी नवा बुरूज नकाशावर काढला. त्याखाली आधार लिहायचा होता. माहिती कुणी दिली, कसं लिहू, असं त्यांनी विचारलं. पाणीखात्यातला एक माणूस म्हणा, तेवढं पुरे, असं तो म्हणाला.

"नाही, बाई," मुलगी जागेवरून म्हणाली. "खोदकामगार लिहा. खोदलं म्हणून तर कळलं."

बाईंनी तसंच लिहिलं. आणि अख्ख्या वर्गानं माना खाली घालून तो शब्द वहीत उतरवून घेतला.