बोट दाखवेल ते

राणीसरकारांनी बोट दाखवलं ते थेट कात्रीकडे.

शिलाई मशीनच्या वर खिळ्याला आईची कात्री टांगलेली होती. कापड बेतायची, जड, चांगली धारेची. घरातले सगळे हातातलं काम टाकून त्या इवल्याशा बोटाकडे बघत राहिले. कारण राणीसरकारांनी बोट दाखवलं आणि ती वस्तू मिळाली नाही, असं या घरात आजवर झालंच नव्हतं.

यात लाड कमी आणि धास्ती जास्त होती. पोरीचं हृदय जन्मापासून बिघडलेलं. आत भोक, आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद. रडायला लागली की आधी ओठ निळे पडायचे, मग नखं, मग पोर मान टाकायची. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं, ऑपरेशन होईपर्यंत हिला रडू द्यायचं नाही. सांगायला काय जातंय? रडू न देता एक मूल वाढवून दाखवा म्हणावं.

या लोकांनी दाखवलं. आजीने चष्म्यांचा बळी दिला, एकामागून एक. बाबा बसचे कंडक्टर. दिवसभर ओरडून ओरडून पोट भरणारा माणूस, पण घरात पाऊल टाकलं की कुजबुजायचा. त्यांची शिट्टी तिने चावून चावून मुकी केली, तेव्हा त्यांनी डेपोत शिट्टी हरवली म्हणून सांगितलं आणि मुकाट्याने बोलणी खाल्ली. मशीनच्या खडखडाटाने पोर दचकायची, म्हणून आई गिऱ्हाइकांचे कपडे हातानेच शिवायची. दारावरच्या बेलची वायर तर कधीच उपटून टाकलेली. आणि शेजारीपाजारी म्हणायचे, किती गुणी बाळ हो, कधी आवाज म्हणून नाही! ते ऐकलं की आईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं, आणि नीट झालं. काल तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता ही बाकीच्या मुलांसारखीच, तशीच वाढवा. बोलायला उशीर झालाय खरा, पण तेही जमेल. बाबांनी मान डोलावली, आजीचे डोळे भरून आले. पहिला शब्द ‘आई’ येणार की ‘बाबा’, यावर बसमध्येच आईबाबांची पैज लागली, आणि आजीने तर मांडीवर घेऊन ‘आजी’ची शिकवणीच सुरू केली. मग सगळे घरी आले आणि पुन्हा कुजबुजायला लागले.

आणि आज ही कात्री.

बाबांची थोरली बहीण भेटायला आली होती. तिने उठून कात्री खिळ्यावरून काढलीसुद्धा. मी धरते ना, नुसता हात लावू दे पोरीला, असं तिचं म्हणणं. आईने तिच्या हातातून कात्री घेतली, कपाटात ठेवली आणि कडी लावली. मग पोरीसमोर फरशीवर बसून, तिच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली,

“नाही.”

राणीसरकारांनी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी आईकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं. खालचा ओठ हळूहळू बाहेर आला. आणि मग जो भोंगा सुरू झाला, विचारू नका.

आजी धडपडत कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरजवळ जाऊन उभी राहिली. बाबा उठले. आईने नुसतं त्यांच्याकडे बघितलं, तसे परत बसले. आत्याला मात्र राहवेना.

“अगं, देऊन टाक. कशाला बिचारीचं मन मोडतेस? कुणी सांगावं, किती दिवस...” आणि तिने जीभ चावली.

“पुरतं बोला ना, वन्सं.” आईने आवाज खाली आणला नाही. “किती दिवसांची आहे, हेच ना? ही जगणार आहे. शाळेत जाणार आहे. तिथे हिने बोट दाखवलं म्हणून कुणी हिला कात्र्या देणार नाही. ते आजच कळू दे.”

बोलली खरी, पण तिची नजर पोरीच्या ओठांवरून हलत नव्हती. सगळ्यांचीच हलत नव्हती. चेहरा लालबुंद झाला. मानेच्या शिरा फुगल्या. पोरीने पाय आपटले, दम घेतला आणि दुप्पट जोराने गळा काढला. ओठ लालच राहिले.

दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या काकू घाबऱ्याघुबऱ्या वर आल्या होत्या. काय झालं हो, बाळाचा कधी आवाज येत नाही, आणि आज हे काय? बाबांनी दार सताड उघडलं. घरात पहिल्यांदाच त्यांनी बसमधला आवाज काढला, पार खालच्या फाटकापर्यंत जाईल असा.

“रडतेय! आमची पोरगी रडतेय!”

काकूंना हा माणूस हसतोय की रडतोय तेच कळेना. त्या आल्या पावली परत गेल्या. आजीने सिलिंडरवरचा हात काढला आणि पदराने तोंड पुसलं.

रडून रडून राणीसरकार दमल्या. हुंदके राहिले, तेही थांबले. आईने तिला मांडीवर घेतलं, डोळे पुसले, नाक पुसलं. खिमट भरवायला पहिला चमचा पुढे केला. पोरीने चमच्याकडे बघितलं. कपाटाकडे बघितलं. मग आईच्या डोळ्यांत बघत, हाताने चमचा बाजूला सारून, ती आयुष्यातला पहिला शब्द खणखणीत बोलली.

“नाही.”