श्वासाचे दहा मार्क

चौतीस.

प्रमिलाने घड्याळावरची नजर काढली नाही. तिची बोटं द्रौपदाबाईंच्या मनगटावर तशीच होती. नाडी केव्हाच मोजून झाली होती. पण श्वास मोजताना हात सोडायचा नसतो. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं, की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नर्स नाडीचं निमित्त करते आणि छातीकडे बघते. तिने पुन्हा पूर्ण मिनिटभर मोजले. पुन्हा चौतीस; धडधाकट माणसाचे वीसच्या आतच असतात.

पलंगाच्या पायथ्याशी चार्ट टांगलेला होता. न्यूमोनिया, उतार पडतो आहे. सकाळी सहाला श्वास वीस. त्याआधी वीस. कालही वीस. धुळ्याच्या त्या हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डात साठ बायका होत्या आणि ड्युटीवर एक नर्स. ती बिचारी ताप मोजायची, नाडी मोजायची आणि श्वासाच्या रकान्यात सगळ्यांना वीस लिहून मोकळी व्हायची. दमेकरीण असो की बाळंतीण, साठही जणी मिनिटाला वीसच श्वास घेत. हे मुलींना ठाऊक होतं. ट्यूटर देवरे सिस्टरांना ठाऊक नव्हतं, किंवा करून घ्यायचं नव्हतं.

देवरे सिस्टर चार्ट बघून मार्क देत. तापाचे दहा, नाडीचे दहा, श्वासाचे दहा. श्वासात दोनाचा फरक चालायचा. त्यापुढे सरळ भोपळा. दगडाला पाझर फुटेल, पण बाईंच्या लाल पेनातून अर्धा मार्क सुटणार नाही, असं मुली म्हणत. पास व्हायला शंभरात साठ लागत. एकोणसाठ पडले की सहा महिने पुन्हा, आणि दुसऱ्यांदा नापास झालेल्या मुलीचं नावच नर्सिंग स्कूलमधून कमी होई.

आजची परीक्षा एकेकदा नापास झालेल्या पाच जणींची होती. वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून पाचही जणींना एकच पेशंट दिला होता. प्रमिलाचा नंबर दुसरा. तिघी अजून बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या.

मागच्या वेळी प्रमिलाने मोजलं तेच लिहिलं होतं. अठ्ठावीस. देवरे सिस्टरांनी वही तिच्यापुढे धरली होती. "चौदा वर्षं नोकरी झालेली स्टाफ नर्स वीस लिहिते आणि तू अठ्ठावीस? मोजलं नाहीस, ठोकून दिलंस." एकूण अठ्ठावन्न पडले.

तिचे वडील निंबाभाऊ चोपड्याजवळ केळीच्या बागांमध्ये मजुरी करायचे. लेक नापास झाल्याचं त्यांनी गावात कुणालाच सांगितलं नाही. त्यांच्या बौद्धवाड्यातली पांढरा ड्रेस घालणारी ती पहिली मुलगी. ती सुट्टीत घरी आली, की लोक तापलेली लेकरं घेऊन दाराशी येत, आणि निंबाभाऊ ऐटीत सांगत, "सिस्टर जेवी ऱ्हायनी, जरासा थांबा." त्या ऐटीची प्रमिलाला धास्तीच वाटायची. आता ह्या माणसाला दुसऱ्यांदा काय सांगायचं?

"माय," द्रौपदाबाई कुजबुजल्या. त्यांचे ओठ सुकले होते आणि नाकपुड्या फुलत होत्या. "मना जीव घाबरस. डाक्टरले सांगशी ना?"

"सांगसू, माय," प्रमिला म्हणाली.

ती खरंच सांगणार होती. बारा वाजता मार्कांवर सही झाली, की लगेच जाऊन सांगणार होती. आत्ता सांगितलं तर चार्ट खोटा पडत होता आणि त्याच्याबरोबर तीही. दोन तासांचा तर प्रश्न होता. शिवाय तिच्याआधी बेबी येऊन गेली होती. बेबी हुशार, मोजण्यात कधी न चुकणारी. तिला काही वावगं दिसलं असतं तर ती बोललीच असती. आणि प्रमिलाच्या मागून अजून तिघी येणार होत्या. त्यांतली एखादी तरी बोलेल.

"प्रमिला, वेळ संपली," देवरे सिस्टर म्हणाल्या.

तिने मनगट सोडलं. वहीत ताप लिहिला, नाडी लिहिली आणि श्वासापुढे वीस लिहिले. सिस्टरांनी चार्ट पाहिला, वही पाहिली. लाल पेनाने दहा मार्क पडले. प्रमिलाला हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, तेव्हा खरंच हायसं वाटलं.

सही व्हायला बाराचे दोन वाजले. पाचही जणी पास. प्रमिला निकालाच्या कागदापासून धावतच वॉर्डात गेली. द्रौपदाबाईंच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. साक्रीहून आलेली त्यांची लेक फरशीवर बसून हंबरडा फोडत होती. "आत्तेच बोलत व्हती मनी माय!"

संध्याकाळी हॉस्टेलच्या खोलीत कुणी दिवा लावला नाही. पाचही ताटं मेसमध्ये तशीच राहिली. प्रमिलाला स्वतःची शिसारी आली होती. इतक्या जणींत खोटं लिहिणारी आपण एकटीच, हा विचार तिला खात होता. शेवटी तिला राहवेना.

"मी चौतीस मोजले होते," ती म्हणाली.

बेबीने तोंडावरची ओढणी न काढताच म्हटलं, "मना टाईमले तीस व्हते."

तिसरीने छत्तीस सांगितले. चौथी रडत रडत म्हणाली, चाळीस. सगळ्यांत शेवटी गेलेली मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"शेहेचाळीस."

पाचही जणींनी बरोबर मोजले होते.