रक्तातली व्हिस्की

जव भिजवून मोड आणणं, भरडणं, आंबवणं, सगळं ट्रुडीने पुस्तकं वाचून एकटीने केलं. आज गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या तांब्याच्या भट्टीला पहिल्यांदा धार लागली. सुरुवातीची उग्र धार तिने ओतून दिली, मधली तेवढी ठेवली आणि घरच्यांसाठी पेले भरले.

थोरले दीर मर्डो यांनी एक घोट घेतला आणि बाहेर गवतावर थुंकून टाकला.

“ऑकलंडच्या शहरी पोरींनी कॉफी करावी! व्हिस्की रक्तात असावी लागते. आमच्या आजोबांनी होकोनुईच्या डोंगरात उभा जन्म चोरून गाळली. त्यांच्या भट्टीला हात लावायची पोलिसांची बिशाद नव्हती. आणि हे? याने वासरांचा गोठा धुऊन काढ.”

ट्रुडी पेले गोळा करू लागली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत एफीआत्या बसली होती, त्याच आजोबांची नव्वदीतली लेक. तिने ट्रुडीचा हात धरला आणि आपला रिकामा पेला पुढे केला.

“मला अजून घाल गं. छान जमलीय.”

मग ती मर्डोंकडे वळली.



“अरे गाढवा, बाबांची भट्टी कुठे आहे ते फौजदाराला पक्कं ठाऊक होतं. पण त्यांची दारू एकदा प्यायलेला माणूस जन्मात पुन्हा दारूला शिवायचा नाही. असली भट्टी कोणता फौजदार बंद करेल?”