बाराव्या शतकातली करंगळी

मोबाइलवर मूर्ती आली आणि शरयूनं व्हिडिओ थांबवला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मूर्तीच्या उजव्या हातात चवरी होती, आणि चवरी धरलेल्या मुठीची करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी होती. शरयूनं स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला. सातवीत दारात सापडून मोडलेली आणि हाडवैद्यानं वाकडीच बसवलेली तिची करंगळी. शंकेला जागाच नव्हती.

चित्राखाली लिहिलं होतं : चामरधारिणी, बारावं शतक, खासगी संग्रह.

धावडा गावात त्यांच्या घरी रेंज एकाच ठिकाणी यायची, परसात, उकिरड्याच्या कडेला. त्यामुळे भारतीय शिल्पकलेचा इतिहास ती नाकाला ओढणी लावून शिकत होती. हा सहावा धडा. प्रत्येक धड्याच्या शेवटी निबंध, सगळे निबंध पास झाले की प्रमाणपत्र, आणि ते हातात आलं की संभाजीनगरला जाऊन पुरातत्त्व शिकायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

याच परसात दोन वर्षांपूर्वी ती हात वर करून तासन्‌तास उभी राहिली होती. चवरी कुठली आणायची, म्हणून आप्पांनी हातात केरसुणी दिली होती. आप्पा म्हणजे तिचे वडील, तातेराव पाथरवट. घरोघरी मिक्सर आले, पाट्या-वरवंट्याला कुत्रं विचारेना, तेव्हापासून ते मूर्ती घडवत. बंगलेवाले बागेत ठेवतात, त्यांना जुनाट दिसणारं आवडतं, असं ते सांगायचे. म्हणून घडवलेली मूर्ती या उकिरड्यात पुरायची, वरून गुरांचं मूत आणि आंबलेलं ताक ओतायचं. ताक ओतायचं काम शरयूचं. बंगलेवाल्यांच्या आवडीला ती पोट धरून हसायची.

तिनं व्हिडिओ पुढे सोडला. पुण्याच्या प्राध्यापकबाई बोलत होत्या.

"नाक काळानं हिरावून नेलं आहे. पण ही करंगळी बघा. कोण्या अनाम शिल्पकारानं तिला दिलेला हा बाक म्हणजे भक्तीचा केवढा लालित्यपूर्ण आविष्कार! असे हात आता मराठवाड्यात उरले नाहीत."

काळानं म्हणे! नाक आप्पांनी फोडलं होतं, लहान हातोडीनं, एका घावात. ते नाकही शरयूचंच होतं. तेव्हा तिला गंमत वाटली होती. आता वाटेना.

"काय म्हनून राह्यली ती बाई?" हौदावर हात धूत असलेल्या तातेरावांनी विचारलं.

शरयूनं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "आप्पा, ही तुम्ही केलेली हाय."

त्यांनी डोळे बारीक केले. "हाय की! कुठं जाऊन बसली म्हनावं ही बया!"

"इथं लिहिलंय बाराव्या शतकातली."

"ते मी लिहिलं का? मी कुणालाच जुनी म्हनत न्हाई. घेणारा म्हनतो. मी बिलकुल तोंड उघडत न्हाई."

"मंग नाक कशाला फोडलं?"

तातेराव ओले हात धोतराला पुसत राहिले. मग म्हणाले, "ती बाई परत लाव बरं."

तिनं लावलं. त्यांनी तीनदा ऐकलं. "लालित्यपूर्ण आविष्कार," ते हळूच पुटपुटले, आणि त्यांचे डोळे भरून आले. असे हात आता उरले नाहीत, हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "बराबर हाय. कुठं उरलेत?"

शरयूला बापाची किळस आली. डोळे मिटून ज्ञान पाजळणाऱ्या त्या बाईची आली. आणि सगळ्यात जास्त आली ती स्वतःच्या हाताची, कारण ताक ओतणारा हात हाच होता. तिनं तो कुर्त्याला खसखसा पुसला.

व्हिडिओ संपला. पडद्यावर निबंधाचा विषय आला : चामरधारिणीच्या अंगावरील काळाच्या खुणा.

"आप्पा, मला हिच्यावरच लिहायचंय. मी खरं लिहिलं तर आपल्या दारात पोलीस येतील."

"आन् न्हाई लिहिलं तर?"

"तर मी पास."

"मंग इचार कशाचा करून राह्यली?"

इतक्या सहज त्यांनी निकाल लावला. लहानपणी तिनं पाटीवर काढलेलं वाकडंतिकडं अक्षर ते याच आवाजात पुसायला सांगत, खोटं अक्षर चालायचं नाही म्हणून. तिनं मोबाइल बंद करायला अंगठा पुढे केला.

"थांब," तातेराव म्हणाले. कोनशिलांवर नावं कोरून त्यांना अक्षरं चांगली वाचता येत. निबंधाच्या विषयाखाली पुढच्या धड्याचं नाव आलं होतं. त्यावर बोट फिरवत त्यांनी ते सावकाश, मोठ्यानं वाचलं. "बनावट शिल्पे कशी ओळखावीत."

त्यांनी कोपऱ्यातलं घमेलं आणलं, उपडं केलं आणि तिच्या शेजारी, उकिरड्याला पाठ लावून बसले.

"लाव," ते म्हणाले. "बाई हुशार हाय. आपल्या दोघांच्या काय चुका होऊन राह्यल्या, ते तरी कळंल."