अठराच्या पुढचा रकाना

"ताई, तालुक्यात अठरा वर्षांवरचं स्वमग्न माणूस एकही नाही. मग त्यांच्यासाठी केंद्र मंजूर करायचं ते कुणाच्या नावानं?" नियोजन अधिकाऱ्यांनी तक्ता तिच्यापुढे सरकवला.

तिच्या गावापुढे शून्य होतं. अंगणवाडीसेविका म्हणून गावाची पाहणी तिनंच केली होती. फॉर्ममधला वयाचा रकाना अठराला संपत होता, म्हणून तिनं पोरंच तेवढी मोजली. फॉर्म भरताना तिची सव्वीस वर्षांची वैजू शेजारीच कपड्यांचे चिमटे रंगांप्रमाणे लावत बसली होती, आणि आईनं लेकीला वगळून सही ठोकली होती.

तिचे कान तापले. "साहेब, हे शून्य माझ्या हातचं आहे. पंधरा दिवस द्या."

"पुढची पाहणी तीन वर्षांनी..."

"पंधरा दिवस!"

घरी येताच तिनं कोऱ्या फॉर्मवर पट्टीनं नवा रकाना आखला आणि पहिलं नाव वैजूचं लिहिलं. मग आसपासच्या गावांतल्या सेविकांनाही कामाला जुंपलं. "आमच्यात तसलं कुणी नाही," म्हणणाऱ्या घरातून ती चहा प्यायल्याशिवाय हलायचीच नाही. तेवढ्यात मागच्या खोलीचं दार कुणीतरी उघडायचं.

पंधराव्या दिवशी तिनं साहेबांपुढे त्रेचाळीस नावं ठेवली.

"एवढी? याची पडताळणी करावी लागेल."

"आत्ताच करा. पहिलं घर माझंच आहे, चला." तिनं पिशवी उचलली. "फक्त चपला सरळ रांगेत काढा. वैजूला वाकडंतिकडं चालत नाही."