उंच पट्टी

लढाईच्या दिवसांत जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात मी मापं तपासायचो. सुटीच्या दिवशी विनता सिस्टरने लष्करी दवाखान्यातला पियानो दाखवला. पट्ट्या खालीवर होत्या. मापाचा पोलादी रूळ पट्ट्यांवर आडवा ठेवताच दोष दिसला. बऱ्याच पट्ट्यांखालचा लोकरीचा नमदा कसरीने खाल्ला होता. तो बदलला. एकच पट्टी उंच होती; तिच्याखाली कुणीतरी पुठ्ठ्याची चकती घातली होती. ती काढून फेकली. सिस्टर पट्ट्यांवरून हात फिरवताना थांबली. "चकती काहून काढली, भाऊ?" "सगळ्या एका रेषेत आल्या न, सिस्टर." "ब्लॅकआउटमध्ये भोंगा वाजला की जखमी पोरं घाबरतात. मी वाजवलं की शांत पडून राहतात. अंधारात उंच पट्टी चाचपूनच हात बसवते." केरातून चकती शोधून मी परत बसवली. रूळ ठेवला. तो मधोमध डुगडुगला. कारखान्यात असा माल कधीच सोडला नसता. "पास," मी म्हणालो.