उजवा हात

आठ दिवसांत मनुबाईने पहिल्यांदाच चित्राकडे पाहिले, तेव्हा दत्तात्रेय ब्रश पुसत होता. रेवसहून मुंबईची बोट दोन तासांत सुटणार होती. प्रदर्शनात चित्र देण्याचा उद्या शेवटचा दिवस होता.

चित्रात ती ओट्यावर बसली होती. मागे करडी खाडी. डावा हात पदराखाली, उजवा मांडीवर पडलेला, मनगट मोकळे. सगळे चित्र त्या मनगटापाशी येऊन थांबत होते.

"नाव काय दिलंस, मास्तर?"

"एकाकी."

"म्हंजी?"

"जिला कोणी नाही, अशी."

तिने खाडीकडे पाहिले. तिच्या नवऱ्याची, अंबाजीची होडी चार दिवसांपूर्वी परतायला हवी होती. बरोबरच्या दोन होड्या आल्या होत्या.

"लगनात ह्या हातातला चुडा आमी दर्याला देतो," ती उजवे मनगट पुढे करून म्हणाली. "त्यानं दादल्याला सांभाळावं म्हनून." मग तिने पदराखालून डावा हात काढला. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. "ह्यो का न्हाय काढलास?"

पहिल्या दिवशी त्यानेच तो हात झाकायला सांगितला होता. करड्या रंगात हिरवा खुपत होता. मोकळे मनगट त्याला दुःखाचे वाटले होते. कारण मात्र विचारले नव्हते.

"माझी दोन चित्रं परत आलीत, मनुबाई. हे घेतील."

"घेतील. आन् सगली मुंबई बघंल, हिला कोन न्हाय. अंबाजी तिकडं पान्यात हाय." ती थांबली. "नाक वाढवलंस ते ऱ्हाऊ दे. हात काढ."

त्याने पुन्हा ब्रश उचलला. पदराच्या जागी हात आला, हातावर हिरवा रंग आला. तासाभरात चित्रातली बाई कुणाची तरी वाट पाहू लागली. त्याला हवे होते ते चित्र आता राहिले नव्हते. पण खालचा पदर पहिल्या दिवशीचा, सुकलेला होता. टर्पेंटाइनची चिंधी फिरवली की तो जसाच्या तसा वर येणार होता. बोटीवर पाच मिनिटांचे काम.

मनुबाई चिंधीकडेच पाहत होती.

"कवा सुकंल?"

"चार दिवस. इथल्या दमट हवेत आठसुद्धा. रंगातलं हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवा घेत घेत घट्ट होतं."

"तवर पुसता येतंय."

तो खोटे बोलू शकला असता. "येतं," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि ओट्यावर जाऊन बसली. "मंग सुकू दे. मी बसते."

धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला. तिने वळून पाहिले नाही. ती खाडीच्या तोंडाकडे पाहत होती.

भोंगा दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा दत्तात्रेय ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.